गर्भातील मूल आणि मद्य : एका दुर्लक्षित सत्याचा इतिहास

काही सत्ये मनुष्याला एकदा सापडतात, मग त्याच्या हातून निसटतात, आणि ती पुन्हा सापडेपर्यंत कित्येक पिढ्यांना त्या विस्मरणाची किंमत मोजावी लागते. गर्भवती स्त्रीने घेतलेले मद्य तिच्या उदरातील बालकाला बाधते, हे अशा सत्यांपैकीच एक होय. आज वैद्यकशास्त्र ते निःसंदिग्धपणे सांगते. परंतु या व्याधीला तिचे शास्त्रीय नाव मिळाले ते १९७३ साली. त्यापूर्वी हे कोणी पाहिलेच नव्हते काय? पाहिले होते, आणि तेही अनेकदा. मग ते मानले का गेले नाही, हाच आजचा विषय आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीच्या आहारविहाराची चर्चा आहे. नित्य मद्य घेणाऱ्या स्त्रीचे अपत्य तहानेने व्याकुळ, दुबळ्या स्मृतीचे किंवा अस्थिर चित्ताचे होते, असा तेथील एका वचनाचा आशय आहे. त्याच ठिकाणी गर्भिणीच्या इतर सवयींची जी फळे सांगितली आहेत, ती सर्वच आजच्या कसोटीला उतरत नाहीत. म्हणून एवढ्यावरून प्राचीनांना सारे काही ठाऊक होते, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि स्मृती आणि चित्ताचे स्थैर्य यांवरच नेमके बोट ठेवले गेले, ही गोष्ट विचार करण्याजोगी खरी. बायबलातील ‘शास्ते’ या पुस्तकातही शमशोनाच्या जन्मापूर्वी देवदूत त्याच्या मातेला द्राक्षारस व मद्य वर्ज्य करण्यास सांगतो. तेथे हेतू मात्र व्रताचा आहे. त्याला वैद्यकाचा पुरावा समजणे योग्य नव्हे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन शहरात जिन नावाची दारू इतकी स्वस्त झाली, की गोरगरिबांच्या वस्त्या तिने ग्रासून टाकल्या. १७२६ च्या सुमारास तेथील वैद्यांच्या महाविद्यालयाने पार्लमेंटला अर्ज करून कळविले, की या पेयांमुळे दुर्बळ आणि रोगट मुले जन्मास येत आहेत. पुढे १७५१ साली जिनच्या विक्रीवर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याच वर्षी चित्रकार विल्यम होगार्थ याने ‘जिन लेन’ हे प्रसिद्ध चित्र काढले. नशेत बेभान झालेल्या मातेच्या हातून तान्हे मूल खाली कोसळत आहे, असे ते भयंकर दृश्य आहे. जिनची लाट ओसरली, आणि वैद्यांचा इशाराही तिच्याबरोबर विसरला गेला.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल एका तुरुंगात पडले. लिव्हरपूल येथील तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. विल्यम सलिव्हन यांनी १८९९ साली १२० मद्यासक्त स्त्रियांच्या ६०० अपत्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३३५ मुले मृत जन्मली अथवा दोन वर्षांच्या आत दगावली होती. दोष कुळाचाच असेल, अशी शंका कोणी घेऊ नये म्हणून त्यांनी यांतील काही स्त्रियांच्या मद्यापासून दूर राहिलेल्या २८ आप्त स्त्रियांचीही माहिती घेतली. त्यांच्या १३८ मुलांपैकी ३३ दगावली होती. म्हणजे शेकडा छप्पन्नाच्या ठिकाणी शेकडा चोवीस. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की ज्या स्त्रिया गरोदरपणी तुरुंगात येत आणि त्यामुळे ज्यांना दारू मिळत नसे, त्यांच्यापैकी काहींना निरोगी मुले झाली होती. माता तीच, कुळ तेच. फरक एवढाच, की पेला दूर झाला होता.

इतका स्पष्ट पुरावा असूनही तो पुढे बाजूला पडला. अमेरिकेतील दारूबंदी १९२० मध्ये सुरू होऊन १९३३ मध्ये उठली. त्या वादात मद्याविरुद्धचे प्रत्येक विधान म्हणजे नीतिवाद्यांचा उपदेश, अशी अनेक विद्वानांची समजूत झाली. मुलांच्या व्यंगांचा दोष दारिद्र्य, कुपोषण किंवा आनुवंशिकता यांच्या माथी मारण्यात आला. दुर्दैवाचा कळस असा, की अकाली प्रसूती थांबविण्यासाठी गर्भवतीच्या शिरेतून मद्यार्क देण्याची पद्धत न्यूयॉर्कचे डॉ. फ्रिट्झ फुक्स यांनी १९६७ साली प्रसिद्ध केली, आणि काही काळ ती प्रचारातही राहिली.

नेमक्या पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, फ्रान्समधील नांत शहरी डॉ. पॉल लेम्वान आणि त्यांचे सहकारी यांनी मद्यासक्त मातापित्यांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. या मुलांच्या चेहऱ्यांत त्यांना विलक्षण साम्य आढळले होते. परंतु निबंध फ्रेंच भाषेतील प्रांतिक नियतकालिकात आलेला. जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. अखेर अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. क्रिस्टी युललंड यांनी मद्यासक्त मातांची अर्भके जन्मतःच खुरटलेली असतात, हे हेरले. तेथील डॉ. केनेथ जोन्स, डॉ. डेव्हिड स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनी तीन भिन्न वंशांच्या आठ मुलांची तपासणी केली. मुलांचे परस्परांशी नाते नव्हते, तरी खुणा सारख्याच होत्या. १९७३ साली ‘लॅन्सेट’ मध्ये ही हकीकत आली, आणि ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले.

ही बाधा होते तरी कशी? मद्यार्काचे कण इतके सूक्ष्म असतात, की वार ओलांडून ते सहज बालकाच्या रक्तात शिरतात. बालकाचे यकृत अपक्व असल्याने त्याला ते विष पचविता येत नाही. पहिल्या महिन्यांत चेहऱ्याची घडण बिघडते : डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो, म्हणून त्याला कोणताच महिना निर्धोक नाही. पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. पण स्मरण, लक्ष, हिशोब आणि आत्मसंयम यांत ती आयुष्यभर अडखळतात. वर्गात अशा मुलाला आळशी किंवा हट्टी ठरविले जाते. अर्थात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलामागे हेच कारण असते, असे मुळीच नाही.

अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९८१ साली गर्भवतींना मद्य टाळण्याचा सल्ला दिला, आणि १९८९ पासून तेथील बाटल्यांवर तसा इशारा छापला जाऊ लागला. गरोदरपणी अमुक इतके मद्य निर्धोक, असे प्रमाण आजपर्यंत कोणी सिद्ध केलेले नाही. बिअर असो, वाइन असो, फेणी असो किंवा औषध म्हणून घेतलेला ब्रँडीचा घोट असो. मद्यार्क सर्वांत एकच.

या इतिहासाचा बोध मला असा वाटतो, की हे सत्य जेव्हा जेव्हा स्त्रीवर दोषारोप करण्यासाठी वापरले गेले, तेव्हा तेव्हा त्यावरचा विश्वास उडाला. आणि जेव्हा कोणी शांतपणे मुलाकडे पाहिले, तेव्हाच ते पुन्हा प्रकाशात आले. म्हणून मातेला दोष देऊन भागणार नाही. व्यसन जडलेल्या स्त्रीला उपचार हवेत, तर गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वी जिने मद्य घेतले तिला धीर हवा. कारण आजपासून पेला बाजूला ठेवला, तरी पुढील प्रत्येक दिवस बालकाच्या पदरी पडतो. आणि घरातील पुरुषांनी तिच्यासमोर बाटली उघडून तिला संयमाचे पाठ देऊ नयेत. ते नऊ महिने साऱ्या घरानेच पाळावयाचे असतात.