गिटारचे चुंबकी कान



'सुधारणा' हा शब्द आपण इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, जुनें काढून त्या जागीं नवें बसविलें म्हणजे सुधारणा झालीच, असें आपल्याला वाटूं लागतें. हा समज कितपत खरा आहे, हें आज एका लहानशा वस्तूच्या इतिहासावरून पाहावयाचें आहे. ती वस्तु म्हणजे विजेच्या गिटारच्या तारांखालीं बसविलेला 'पिकअप'. दिसावयास ती काड्यापेटीहून किंचित् मोठी अशी धातूची डबी असते. पण त्या वाद्याचा सारा आवाज तिच्यांतून जातो.

पिकअप हा गिटारचा कान होय. त्याच्या आंत लोहचुंबक असतो आणि तांब्याच्या, केंसाइतक्या बारीक तारेचे हजारों वेढे असतात. चुंबकाच्या क्षेत्रांत गिटारची पोलादी तार थरथरली म्हणजे त्या वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलेलें तत्त्व तें हेंच. हा प्रवाह अॅम्प्लिफायरनें वाढविला कीं, कर्ण्यांतून सूर ऐकूं येतो.

असल्या कानाची गरज कां पडली? अमेरिकेंतील वाद्यवृंदांत कर्णे, तुताऱ्या आणि ढोल यांच्या गदारोळांत गिटारचा नाजूक आवाज बुडून जात असे. लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशँप आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३१ च्या सुमारास मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची एक हवाई पद्धतीची गिटार सिद्ध केली. तिचें अंग गोल आणि दांडा लांब, म्हणून लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणूं लागले. बोशँपला तिचें पेटंट १९३७ सालीं मिळालें. तत्पूर्वीं १९३६ सालीं मिशिगन संस्थानांतील कॅलमझू शहरच्या गिब्सन कारखान्यानें 'ई एस १५०' ही पोकळ अंगाची विजेची गिटार बाजारांत आणली होती. चार्ली ख्रिश्चन या तरुणानें १९३९ पासून बेनी गुडमनच्या मेळ्यांत ती अशी वाजविली कीं, गिटार ही साथीची न राहतां आघाडीची मानकरी झाली. दुर्दैवानें १९४२ सालीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, तो क्षयानें निवर्तला.

या नव्या गिटारींत मात्र दोन मोठे दोष होते. पहिला गुणगुणाटाचा. पिकअपमधील वेटोळें तारांचें कंपन टिपतें, तसेंच आसपासच्या विजेच्या यंत्रांतील चढउतारहि टिपतें. त्यामुळें भुंग्यासारखी गुणगुण सतत चालू राही. दुसरा दोष पोकळपणाचा. कर्ण्यांतून निघालेला मोठा आवाज गिटारच्या पातळ फळ्यांना हलवी, फळ्या तारांना हलवीत, तें कंपन पुन्हां कर्ण्यांत जाई, आणि हें चक्र फिरूं लागलें कीं वाद्य किंचाळूं लागे.

दुसऱ्या दोषावर लेस पॉल या वादकानें १९४० च्या सुमारास उपाय शोधला. चार इंच रुंद आणि चार इंच जाड अशा पाइनच्या लांकडाच्या ठोकळ्यावर त्यानें तारा ताणल्या. पुढें केवळ शोभेकरितां त्याच्या दोन्ही बाजूंस गिटारचे दोन अर्धे पंख जोडले. त्याला तो 'ओंडका' म्हणत असे. पहिल्या दोषावरचा उपाय गिब्सन कारखान्यांतील सेथ लव्हर या तंत्रज्ञानें काढला. त्याची युक्ति गणिताची आहे. त्यानें एकाऐवजीं दोन वेटोळीं शेजारी शेजारी ठेवलीं. दोहोंतील चुंबकाचे ध्रुव परस्परविरुद्ध ठेवले आणि प्रवाहाची दिशाहि उलट केली. बाहेरची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत शिरते, पण जोडणी उलट असल्यामुळें तिची वजाबाकी होते. तारेच्या सुराला मात्र ध्रुवहि उलटे मिळतात, म्हणून त्याची बेरीज होते. गुणगुण मारणारा म्हणून या पिकअपला 'हंबकर' असें नांव पडलें. लव्हरनें पेटंटचा अर्ज २२ जून १९५५ रोजीं केला आणि पेटंट २८ जुलै १९५९ रोजीं मिळालें. मधल्या काळांतील पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठीं अर्ज केला आहे' अशी लहानशी चिठ्ठी डकविलेली असे.

हे दोन्ही उपाय १९५८ सालच्या एका वाद्यांतहि एकत्र आले. टेड मॅकार्टी हे गिब्सनचे प्रमुख असतांना 'ई एस ३३५' ही अर्धपोकळ गिटार निघाली. तिच्या मध्यभागीं मेपल लांकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंस पोकळ कुशी, वरच्या फळीवर इंग्रजी 'एफ्' अक्षराच्या आकाराचीं दोन छिद्रें, आणि ठोकळ्यावर दोन हंबकर. भरीव लांकडाचा ठामपणा आणि पोकळ लांकडाचा मोकळा श्वास यांचा हा मेळ वादकांना मानवला.

येथें कथा संपावयास हवी होती. परंतु सुधारणेची हौस थांबत नसते. १९७० नंतर संगीत अधिक जोरकस झालें आणि वादकांना अधिक बलवान् पिकअप हवासा वाटूं लागला. लॅरी डिमार्झिओनें 'सुपर डिस्टॉर्शन' नांवाचा, सिरॅमिक चुंबकाचा दणदणीत पिकअप काढला. पुढें सीमोर डंकननें याच धंद्यांत नांव मिळविलें. वाद्य एका कारखान्याचें आणि कान दुसऱ्याचे, असा नवा व्यवहार सुरू झाला. अनेकांनीं लव्हरचे मूळ पिकअप उपटून टाकले.

कांहीं वर्षांनीं लोकांच्या ध्यानांत आलें कीं, त्या जुन्या चिठ्ठीवाल्या पिकअपचा गोडवा नव्यांत येत नाहीं. कारण शोधूं जातां मौज अशी निघाली कीं, जुन्या पिकअपमध्यें सारखेपणाच नव्हता. प्रत्येक वेटोळ्यास सुमारें ५००० वेढे द्यावयाचे. पण यंत्र थांबविणें कामकऱ्याच्या अंदाजावर असे, म्हणून वेढे कमीअधिक होत. चुंबकाच्या मिश्रधातूचे प्रकारहि हातीं येतील तसे वापरले जात. दोन वेटोळ्यांतील या लहानशा फरकामुळें वजाबाकी पुरी होत नसे, आणि त्या अपुरेपणांतच सुराला धार येई. पुढें वेढे नेमके होऊं लागले आणि ती धार बोथटली. आज ते जुने पिकअप हजारों डॉलरांना विकले जातात. ते पुन्हां बनवूं पाहणाऱ्या डंकनला शेवटीं वृद्ध सेथ लव्हरचेंच साहाय्य घ्यावें लागलें. त्यांनीं मिळून सिद्ध केलेला पिकअप लव्हरच्याच नांवानें निघाला. लव्हर १९९७ सालीं वारला.

आपल्याकडेहि आज अनेक घरांत मुलांच्या हातीं अर्धपोकळ गिटारी आहेत, आणि 'पिकअप बदलूं का?' हा प्रश्न निघतोच. भरीव गिटारला बहुधा पाठीमागें झांकण असतें; हिला तें नसतें. सर्व जोडणी कुशींत दडलेली. कारागीर प्रत्येक भागाला दोरा बांधतो, तो भाग पिकअपच्या खांचेंतून किंवा छिद्रांतून बाहेर काढतो, आणि नवी जोडणी झाल्यावर दोऱ्यानें ओढून पुन्हां जागेवर आणतो. आडांत पडलेली घागर गळ टाकून काढावी, तसेंच हें नाजूक काम आहे. एकच पिकअप बदलला आणि त्याची दिशा दुसऱ्याच्या उलट पडली, तर दोन्ही मिळून वाजवितांना सूर पोकळ व किरटा होतो.

म्हणून प्रथम तारा नव्या घालाव्या, आवाजाचीं बटणें आणि जोडाची जागा स्वच्छ करावी, बाजूच्या स्क्रूंनीं पिकअपची उंची कमीअधिक करून ऐकावें. चुंबक तारेच्या फार जवळ असला तर तो तारेलाच ओढतो आणि सूर बिघडतो. तंबोऱ्याची जवारी बिघडली म्हणून कोणी भोपळा बदलीत नाहीं! एवढें करूनहि दोष राहिला, तर तो नेमका कोणता तें ठरवावें. मोठ्या आवाजांत पिकअप स्वतःच शीळ घालीत असेल, तर वितळलेल्या मेणांत बुडवून वेढे घट्ट केलेला पिकअप बसविणें हा सकारण बदल होय. बी. बी. किंग यांच्या 'ल्युसिल' या नांवानें १९८० सालीं जी गिटार निघाली, तींत किंचाळी टाळण्यासाठीं एफ्-छिद्रेंच ठेवलीं नव्हतीं. तोहि सकारण बदलच.

लव्हरपुढें एक दोष होता आणि त्यानें तेवढाच दूर केला. पुढच्यांपैकीं अनेकांनीं दोष न पाहतां वस्तूच बदलली, आणि मग जुनीच वस्तु शोधीत फिरण्याची पाळी आली. तेव्हां पिकअप बदलावयाचाच असेल तर अवश्य बदलावा. मात्र काढलेला जुना पिकअप कापडांत गुंडाळून, वर तारीख लिहून, कपाटांत जपून ठेवावा. आज नकोसा वाटणारा आवाज उद्यां आपलींच मुलें मागणार नाहींत, असें कोणीं सांगावें?