कालची फाइल

बॅकअप घेतात आणि सिंक होते. या दोन आयात शब्दांना मराठीने जी क्रियापदे जोडली, त्यांतच त्यांचा बराचसा इतिहास आला. ‘बॅकअप घेतला का?’ हा प्रश्न कुणाला तरी जबाबदार धरतो. ‘सिंक झालंय का?’ यात विचारणारा आणि सांगणारा दोघेही पडद्यावरच्या हिरव्या खुणेची वाट बघत असतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घरगुती आणि कचेरीतल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या शब्दाने पहिल्याची जागा जवळपास बळकावली, आणि त्यात काही गमावले असे फारसे कुणाला वाटले नाही. माझ्या मते गमावले. कालची फाइल आज मिळावी म्हणून बॅकअपचा उद्योग निघाला. इथली फाइल तिथे मिळावी म्हणून सिंकचा. एकाचा सामना काळाशी, दुसऱ्याचा अंतराशी. तरीही ही गल्लत बिनबोभाट खपली, कारण पर्सनल कॉम्प्युटरला कालचे काही लक्षात ठेवायची सवय मुळातच लावली गेली नव्हती.

त्याच्या आधीच्या मोठ्या यंत्रांपैकी काहींना ती होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स यंत्रांसाठी 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या व्हीएमएस या प्रणालीत फाइल पुन्हा साठवली म्हणून जुनी पुसली जात नसे. नावापुढे अर्धविराम आणि एक आकडा असे. प्रत्येक साठवणीला आकडा एकाने वाढे. सातव्या खेपेला घोळ झाला तर सहावी आवृत्ती शेजारीच पडलेली असे. अडगळ फार झाली की ‘पर्ज’ ही आज्ञा देऊन जुन्या आवृत्त्या मुद्दाम झाडून काढायच्या. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि हे उलटे झाले. त्याच्या एका फ्लॉपीवर 160 किलोबाइट मावत. एवढ्याशा जागेत सहा आवृत्त्यांचे लाड कोण करणार? डॉसमध्ये त्याच नावाने फाइल साठवली की जुनी गेली. वर्डस्टारसारखे लेखनाचे प्रोग्रॅम शेपटीला ‘बॅक’ लावून मागची एक प्रत ठेवत, पण ती एकच पिढी, आणि तीही त्या प्रोग्रॅमची मेहेरबानी. जागेच्या टंचाईतून केलेली ही तडजोड होती. पुढे डिस्कची जागा हजारपट, लाखपट वाढली तरी ती तडजोड मोडीत काढायची कुणाला आठवण झाली नाही.

यंत्र विसराळू, म्हणून आठवण ठेवायचे काम माणसावर आले. मार्च 1983 मध्ये आयबीएमने 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला एक्सटी बाजारात आणला आणि त्याच्याबरोबरच्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन आज्ञा आल्या. आता फ्लॉपी 360 किलोबाइटची होती. भरलेली डिस्क उतरवून घ्यायला निदान 29 फ्लॉपी लागत, आणि त्या आधी फॉरमॅट करून, क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून तयार ठेवाव्या लागत. पडदा पुढची फ्लॉपी मागे, माणूस खाचेतली काढून दुसरी सारे, खरखर सुरू होई. परत मिळवताना हाच क्रम पाळायचा. मधली एखादी फ्लॉपी खराब निघाली की तिच्यावरचे गेले. रोज एवढे कोण करणार, म्हणून प्रत्येक फाइलला एक छोटी खूण होती. फाइल बदलली की खूण चढे, बॅकअप झाला की उतरे, आणि दुसऱ्या दिवशी फक्त खूण चढलेल्या फाइली उतरवून घेता येत. फास्टबॅकसारख्या विकतच्या प्रोग्रॅमांनी पुढे हे काम कितीतरी वेगाने केले, 1993 च्या डॉस 6 मध्ये त्याला मेन्यू आणि खिडक्या आल्या, पण फ्लॉपी बदलणारा हात काही सुटला नाही.

या कंटाळवाण्या कामात एक शहाणपण मात्र होते आणि ते टेपच्या जमान्यातून चालत आले होते. टेप आलटून पालटून वापरायच्या जुन्या पद्धतीला आजोबा-बाप-मुलगा असेच म्हणत: आजची टेप मुलगा, त्याआधीची बाप, त्याआधीची आजोबा. नवी प्रत काढताना आजोबांच्या टेपवर लिहायचे, बापाला हात लावायचा नाही. काल चूक झाली आणि ती आज मुलाच्या टेपवर उतरली, तरी आधीच्या पिढीकडे खरी गोष्ट शिल्लक असे. आपल्या तलाठी दप्तराची रचना याच समजुतीवर उभी आहे. सातबारा आजची स्थिती सांगतो, पण तो तिथे कसा पोहोचला हे गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. नुसत्या सातबाऱ्याच्या शंभर प्रती काढून शंभर गावी ठेवल्या तरी फेरफाराची एक वही भरून निघत नाही. सिंक म्हणजे या शंभर प्रती.

सिंकचे घराणे वेगळे. कार्नेगी मेलन विद्यापीठात आयआयटी मद्रासचे विद्यार्थी राहिलेले महादेव सत्यनारायणन आणि त्यांचे सहकारी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कोडा’ नावाच्या फाइल प्रणालीवर काम करू लागले. नेटवर्क तुटले तरी जवळच्या प्रतीवर काम चालू राहावे आणि जोडणी परत आली की दोन्ही बाजूंचा मेळ बसावा, हा त्यांचा प्रश्न. 1996 मध्ये कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ लिहिले. मंद तारेवरून अख्खी फाइल पाठवण्याऐवजी तिच्या तुकड्यांचे हिशेबी ठसे आधी पाठवायचे, दोन्हीकडचे ठसे ताडून बघायचे आणि जुळत नाही तेवढेच धाडायचे, ही त्यातली युक्ती. घरगुती माणसाला या घराण्याची पहिली ओळख बहुधा विंडोज 95 मधल्या ‘ब्रीफकेस’ने झाली: कचेरीतले फोल्डर तिच्यात टाकायचे, घरी काम करायचे, परत येऊन मेळ घालायचा. कुठली फाइल कुठल्या फाइलवर लिहिली जाणार हे ती बाण काढून दाखवी आणि मगच पुढे जाई.

ही मंडळी फार सावध होती, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. आरसिंकला एका बाजूची फाइल गेलेली दिसली तरी दुसऱ्या बाजूची ते आपणहून पुसत नाही; त्यासाठी आज्ञेत ‘डिलीट’ असा शब्द वेगळा लिहावा लागतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने तयार झालेला ‘युनिसन’ दोन्ही बाजूंना बदल दिसला की स्वतः न्यायनिवाडा न करता माणसाला विचारतो. पुसणे हीसुद्धा एक बातमी आहे आणि ती दुसऱ्या प्रतीपर्यंत पोहोचवायची की नाही हा गंभीर प्रश्न आहे, हे त्यांना माहीत होते. पुढे सोयीच्या नावाखाली नेमका हाच प्रश्न विचारणे बंद झाले.

ऑक्टोबर 2007 मध्ये ॲपलने मॅकसाठी ‘टाइम मशीन’ आणले. बाहेरची डिस्क जोडली की ते मागच्या 24 तासांतली दर तासाची, महिनाभरातली दर दिवसाची आणि त्याआधीची दर आठवड्याची प्रत आपोआप ठेवी. फ्लॉपी बदलणारा हात अखेर सुटला आणि आजोबा-बापही जागेवर राहिले. त्याच वर्षी ड्रू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी ड्रॉपबॉक्स स्थापन केला. सप्टेंबर 2008 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. बॉस्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या बसमध्ये ह्यूस्टनच्या लक्षात आले की पेन ड्राइव्ह विसरला, आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे ते सांगत आले आहेत. ही तक्रार नीट ऐकली तर ती अंतराची आहे: फाइल शाबूत आहे, फक्त इथे नाही. स्पर्धा लागली आणि अंतराने ती जिंकली. लॅपटॉपला सारखी डिस्क कोण जोडून ठेवणार, आणि एकाच माणसाकडे फोन, लॅपटॉप, कचेरीतले यंत्र असे तीन पडदे आल्यावर त्याला रोज बोचणारी गोष्ट कालची फाइल नव्हती, दुसऱ्या यंत्रावरची होती. शिवाय सहा महिन्यांपूर्वीची आवृत्ती जागा खाते आणि बहुतेकांना ती कधी लागतच नाही. दरमहा भाडे घेणाऱ्या दुकानाला असला माल फडताळावर ठेवणे परवडत नाही.

प्रती कितीही असोत, त्या एकाच हुकमाने हलत असतील तर एकच ठरतात, याचा पुरावा खुद्द गूगलकडून मिळाला. फेब्रुवारी 2011 च्या अखेरीस सुमारे 0.02 टक्के जीमेल खात्यांतली पत्रे नाहीशी झाली. गूगल प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या केंद्रांत ठेवत होते, पण साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधल्या एका नव्या दोषाने त्यांतल्या अनेकांना एकदमच गाठले. पत्रे परत आली ती टेपवरून. टेप जोडलेल्या नव्हत्या, म्हणून दोष तिथवर गेला नाही. दोन वर्षांनी, सप्टेंबर 2013 मध्ये पसरू लागलेल्या क्रिप्टोलॉकर या रॅन्समवेअरने हा धडा घराघरांत नेला. फाइली कुलूपबंद झाल्या की सिंकच्या दृष्टीने तो फाइलींत झालेला एक ताजा बदल, आणि ताजा बदल पोहोचवणे हे तर त्याचे कामच.

यावर पहिला आक्षेप असा की क्लाउडच्या सेवा जुन्या आवृत्त्या ठेवतातच. ठेवतात, ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यावर 30 दिवस. वनड्राइव्हने 2018 मध्ये आणि ड्रॉपबॉक्सने 2019 मध्ये सगळे खाते मागच्या तारखेला नेण्याची सोयही दिली. मला तर यात कबुलीच दिसते: सिंक पुरत नाही हे उमगल्यावर त्याला बॅकअपचे ठिगळ लावले गेले. तेही 30 दिवसांचे. मार्चअखेरीच्या हिशेबाची फाइल पुढच्या मार्चलाच उघडणाऱ्याला, किंवा लग्नाचे फोटो वर्षाने बघणाऱ्याला, चूक कळते तेव्हा ही मुदत केव्हाच टळलेली असते.

दुसरा आक्षेप जड आहे. जुना बॅकअप कागदावर उत्तम होता, पण घेत कोण होते? आणि घेतलेला चालत होता का? 2017 च्या 31 जानेवारीला गिटलॅब या कंपनीत चुकून मूळ डेटाबेसच पुसला गेला. पाच प्रकारच्या तजविजींपैकी एकही धड चालत नव्हती आणि जवळपास सहा तासांची माहिती कायमची गेली. चोरीला गेलेला लॅपटॉप, बंद पडलेली डिस्क असे रोजचे अपघात धरले तर आपोआप होणाऱ्या सिंकने न घेतलेल्या बॅकअपपेक्षा जास्त लोकांना वाचवले असेल, हे मी मान्य करतो. पण याच आक्षेपाच्या बाजूने सांगितला जाणारा सर्वांत प्रसिद्ध किस्सा उलटे बोलतो. 1998 मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी 2’ च्या फाइली एका आज्ञेने भराभर पुसल्या जाऊ लागल्या, आणि बॅकअप नीट होत नव्हते हे नंतर कळले. चित्रपट वाचला तो तांत्रिक दिग्दर्शक गॅलिन सुसमन यांच्या घरच्या यंत्रामुळे. मूल लहान असल्याने त्या घरून काम करत आणि तिथे अधूनमधून प्रत नेली जाई. अधूनमधून, म्हणजे ती थोडी शिळी होती. ती क्षणोक्षणी सिंक होत असती तर घरचीही त्याच मिनिटांत पुसली गेली असती.

या इतिहासात पुण्याचाही एक धागा आहे. 2008 मध्ये जसप्रीत सिंग आणि सहकाऱ्यांनी तिथे ड्रुव्हा ही कंपनी काढली, नाव ध्रुवताऱ्यावरून. कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपचा बॅकअप हे तिच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कामांपैकी एक, आणि शंभर लॅपटॉपवर एकच जोडपत्र असेल तर ते एकदाच साठवणे ही तिची खुबी. अचल ताऱ्याचे नाव घेतलेल्या कंपनीने त्या बॅकअप घेणाऱ्या उत्पादनाला नाव दिले ‘इनसिंक’. विकायला कोणता शब्द सोपा होता, हे एवढ्यावरून दिसते.

पुढे मोठ्या कंपन्यांनी दोन शब्दांमधली भिंतच काढली. गूगलने 2017 मध्ये कॉम्प्युटरसाठी दिलेल्या प्रोग्रॅमचे नावच ‘बॅकअप अँड सिंक’ होते. विंडोजमध्ये वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांचा ‘बॅकअप’ घ्यायला सुचवतो. होकार दिला की ही फोल्डरे वनड्राइव्हच्या फोल्डरात हलतात आणि तिथून सिंक होऊ लागतात. तिथली फाइल पुसली की क्लाउडमधलीही कचरापेटीत जाते. नंतर कुणी हा बॅकअप बंद केला, तर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहतात आणि रिकाम्या झालेल्या मूळ फोल्डरात एक शॉर्टकट उरतो. त्याचे नाव, इंग्रजीतून, ‘माझ्या फाइली कुठे आहेत’.