नकाराचे मोल

विज्ञानाच्या इतिहासात काही नकार होकारांहून अधिक बोलके ठरले आहेत. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी ईथरमधून होणारी पृथ्वीची गती प्रकाशाच्या साह्याने मोजू पाहिली. अपेक्षित फरक आढळलाच नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशाच्या वेगाची अचलता सिद्धान्ताच्या पायाशीच ठेवली. त्या पायाची परीक्षा अद्याप चालू आहे, आणि तिची प्रयोगशाळा आहे दूरचे आकाश.

आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त आणि पुंजयामिकी यांचा मेळ अजून बसलेला नाही. तो बसवू पाहणाऱ्या काही मांडण्यांनुसार, अतिसूक्ष्म पातळीवर अवकाश सलग नसावे. तसे असेल तर अधिक ऊर्जेचा प्रकाश किंचित निराळ्या वेगाने जाईल. हा फरक इतका क्षुल्लक, की पृथ्वीवरील कोणत्याही उपकरणात तो दिसणे अशक्य. मग हे ज्ञान म्हणायचे की निव्वळ कल्पनाविलास? १९९८ साली अमेलिनो-कामेलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मार्ग सुचवला: अंतरालाच उपकरण करावे. अब्जावधी वर्षांच्या वाटचालीत तो फरक साठत जाईल.

यासाठी हवे होते क्षणिक आणि अतिदूरचे स्रोत. ते गॅमा किरणांच्या स्फोटांच्या रूपाने आधीच हाती आले होते. चोरट्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी १९६७ मध्ये असा पहिला स्फोट टिपला. जगाला ते कळले १९७३ साली.

१० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने असाच एक अल्पजीवी स्फोट नोंदवला. सुमारे ७३० कोटी वर्षांच्या प्रवासानंतर ३१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एक फोटॉन, स्फोटाच्या आरंभानंतर सेकंदभराच्या आतच पोहोचला होता.

येथे आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना पाठचिकित्सेची आठवण होते. दोन प्रतींत भेद दिसला, तर तो मूळ लेखकाचा की वाटेतल्या लेखनिकांचा, हा प्रश्न उरतोच. फोटॉन उशिरा आला असता, तर तो वाटेत रेंगाळला की मुळातच उशिरा निघाला, हे एका स्फोटावरून ठरवता आले नसते. परंतु उशीरच नसेल, तर वाटेवरच्या विलंबाला कमाल मर्यादा पडते. स्रोतातील आणि वाटेतील फरकांनी एकमेकांना नेमके खोडून काढले असे मानले, तरच ती टळेल. म्हणून येथे नकाराची साक्ष होकाराहून भक्कम आहे.

९ ऑक्टोबर २०२२ च्या अतितेजस्वी स्फोटातील ६०,००० हून अधिक फोटॉन चीनमधील ल्हासो वेधशाळेने टिपले, आणि २०२४ मध्ये ही मर्यादा आणखी कडक झाली. ऊर्जेच्या सरळ प्रमाणात वेग बदलतो, ही सर्वांत सोपी कल्पना आता जवळपास मोडीत निघाली आहे. ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वेग बदलत असल्यास फरक कितीतरी लहान असेल. तो या मोजमापांच्या आवाक्याबाहेर आहे.

अवकाश सलग आहे, हे यातून सिद्ध झालेले नाही. मात्र ज्याची परीक्षाच होऊ शकत नाही असे मानले जात होते, ते विधान खोटे ठरण्याच्या कक्षेत आले. एखाद्या कल्पनेला ज्ञानाच्या दरबारात जागा मिळते ती एवढ्याच अटीवर, असे आम्हास वाटते.