आसाला बांधलेला उजेड : चालत्या गाडीतून बॅटरी भरण्याचा इतिहास

🧵 १/ मोटारीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून भटकणाऱ्यांना एक अडचण हमखास भेटते. दिवसभर गाडी चालवूनही रात्री ट्रेलरची बॅटरी अर्धवटच भरलेली असते. ही अडचण मोटारीहूनही जुनी आहे. तिचा उगम रेल्वेच्या डब्यात आहे.

२/ ऑक्टोबर १८८१. लंडन-ब्रायटन मार्गावरील 'बीट्रिस' या पुलमन डब्यात विजेचे दिवे लागले. वीज येत होती ती फ्रान्सच्या फोर याने सुधारलेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांतून. त्या आधी भरून घ्याव्या लागत. संपल्या की अंधार.

३/ चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन डब्याखालचा डायनॅमो फिरवणे सोपे होते. अवघड होते ते पुढचे. वेग वाढला की व्होल्टेज चढे, बॅटरी तापे, दिवे जळून जात. गाडी थांबली की वीज उलटी वाहून बॅटरी रिकामी होई. गाडी उलट दिशेने निघाली की धन-ऋण टोकेही बदलत!

४/ १८९०च्या दशकात लंडनच्या जे. स्टोन कंपनीने काढलेली युक्ती आजही थक्क करते. डायनॅमो डब्याखाली एका बाजूने टांगलेला असे; त्याच्याच वजनाने पट्टा ताणलेला राही. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्ट्याची ओढ त्या वजनावर मात करी, डायनॅमो किंचित आसाकडे खेचला जाई आणि पट्टा घसरू लागे. गाडी कितीही वेगात धावो, डायनॅमो आपल्याच चालीने फिरे. इतर यंत्रांत पट्टा घसरणे म्हणजे दोष. इथे तोच नियंत्रक ठरला. बॅटरीशी जोडणारी कळ पुरेसा वेग आल्यावर आपोआप लागे, गाडी मंदावताच सुटे.

५/ हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. अनेक डबे तेव्हा गॅसच्या दिव्यांवर चालत. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे गाड्या धडकल्या, लाकडी डबे पेटले आणि त्यांतील गॅसने आग भडकवली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. बहुतेक आघाडीवर निघालेले सैनिक होते.

६/ भारतातील डब्यांखालीही असा पट्टा अनेक दशके फिरला; पुढे डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. आता अनेक गाड्यांत विजेचे इंजिनच मागच्या डब्यांना वीज पुरवते.

७/ कॅम्पर ट्रेलरची स्थिती याच डब्यांसारखी. त्याच्या चाकांना सहसा डायनॅमो नसतो. सारी भिस्त पुढच्या मोटारीच्या अल्टरनेटरवर. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात. अल्टरनेटरकडून बहुधा १४च्या आसपास मिळतात आणि लांबच लांब बारीक तारेत त्यातलेही काही गळतात. नेहमी अर्धवट राहणाऱ्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर जमतात. ती अकाली निकामी होते.

८/ जाड तार हा पहिला उपाय. पण नव्या मोटारी इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज मधूनच उतरवतात; तिथे तार कितीही जाड असो, उपयोग नाही. म्हणून ट्रेलरमध्ये बॅटरीजवळच डीसी-डीसी चार्जर बसवतात. येईल ते व्होल्टेज तो हवे तेवढे वर उचलतो आणि मोटारीचे इंजिन बंद पडले की जोड तोडतो. स्टोनच्या त्या कळीचे कामही हेच होते.