रागाचे कूळ

‘रागद्वेष’ हा जोडशब्द मराठी कानाला आज समानार्थी वाटतो: एक चटकन येणारा राग, दुसरा मनात मुरलेला द्वेष. संस्कृतात मात्र ही जोडी ‘जयपराजय’च्या जातीची, म्हणजे विरुद्धार्थी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत दुसऱ्या पादातले ७ वे सूत्र रागाचे आणि ८ वे द्वेषाचे. सुखामागून येतो तो राग, दुःखामागून येतो तो द्वेष. गीतेतला स्थितप्रज्ञ राग, भय आणि क्रोध या तिन्हींतून सुटलेला आहे (२.५६). राग म्हणजेच क्रोध असता, तर तिथे क्रोधाचे नाव वेगळे घ्यावे लागले नसते. ज्या शब्दाने तेव्हा ओढ सांगितली जाई, त्यानेच आपण आज संताप सांगतो. हा नुसता शब्दाचा अपघात आहे, असे मला वाटत नाही.

मुळाशी आहे ‘रञ्ज्’ हा धातू, म्हणजे रंगणे. ‘रंग’ आणि ‘रंजन’ त्यातलेच. ‘रक्त’ म्हणजे आधी नुसते रंगलेले, मग तांबडे, मग अंगातले रक्त. कापड रंगात बुडावे तसे मन कशात तरी बुडाले की तो राग; तो जडला की अनुराग, उतरला की विराग. गाण्यातला रागही याच घरातला: मतंगाच्या ‘बृहद्देशी’त त्याची ओळख लोकांच्या चित्ताचे रंजन करणारा अशीच करून दिली आहे. भजनात रंगलेल्या माणसाबद्दल आपण आजही हेच क्रियापद वापरतो.

मग यातून संताप कसा निघाला? सर्वांत सोपे उत्तर तांबड्या रंगाचे. चिडलेल्याचे डोळे लाल होतात. नाट्यशास्त्रानेही रौद्र रसाला तांबडाच रंग दिला आहे. या उत्तरात तथ्य आहे, आणि आपट्यांच्या संस्कृत कोशात ‘राग’च्या अर्थांमध्ये क्रोधही नोंदलेला आहे. पण संतापाने लाल होणारे डोळे हिंदी बोलणाऱ्यांचेही असतात, तरी हिंदीत राग म्हणजे आसक्ती किंवा सूर. संतापाला तिथे ‘गुस्सा’ आहे. मराठीने आणि तिकडे दूर बंगालीने क्रोधाचा अर्थ पुढे ओढला. लाली ही वाट दाखवते. त्या वाटेने भाषा का गेली, हे तेवढ्याने उलगडत नाही. गीतेत त्याच अध्यायात (२.६२) एक साखळी आहे: विषयांच्या चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध. क्रोध तिथे ओढीच्याच पोटी जन्मतो. मराठीने आईचे नाव लेकराला दिले, असे म्हणता येईल.

यावर रास्त आक्षेप असा, की बोलणाऱ्याला व्युत्पत्ती ठाऊक नसते. हजार वर्षांपूर्वीच्या अर्थावरून आजच्या मनाबद्दल काय सांगणार? आक्षेप मला मान्य आहे, म्हणून पुरावा आजच्या बोलण्यातला घेऊ. ‘रागावणे’ हे क्रियापद पाहा. आई रागावते, बाई रागावतात, आजोबा रागावतात. रस्त्यात धक्का लागलेला अनोळखी माणूस भडकतो, खेकसतो, अंगावर येतो. ‘तो मला रागावला’ असे त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. शत्रू तर कधीच रागावत नाही. रागावायला आधी नाते लागते, निदान हक्क लागतो. नाम मात्र पसरले आहे: अन्यायाचा राग येतो, उकाड्याचाही येतो. क्रियापदाने जुना जिव्हाळा धरून ठेवला आहे, आणि रुसवा तर या रागाचा सख्खा शेजारी.

याच्या नेमका उलट प्रवास ‘लोभ’ने केला. संस्कृतात तो हाव, षड्रिपूंतला एक. मराठी पत्राच्या शेवटी मात्र ‘लोभ असावा’ म्हणून तो मागितला जातो. त्यामुळे ‘रागलोभ’ ही जोडी संस्कृत कानाला जवळजवळ एकाच अर्थाची वाटेल, आसक्ती आणि हाव. मराठीत ती विरुद्धार्थी झाली, एकाच माणसावर करायच्या दोन गोष्टींची.