जुन्या मस्टँगचं काम मारुतीच्या शेपटासारखं का वाढतं?

यूट्यूबवर जुन्या अमेरिकन गाड्यांचे रिस्टोरेशन व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. वीस मिनिटांत गंजका सांगाडा चकाचक होतो. पण अशी अनेक कामं सुरू होतात ती एखादी किरकोळ गळती थांबवायची म्हणून. मग एक भाग काढला की दुसरा खराब निघतो, तो काढला की तिसरा. असं नेमकं का होतं, ते एकाच गाडीच्या उदाहरणावरून बघू: १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग.

आधी एक खुलासा. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं मोठं व्ही-८ इंजिन, अशी ढोबळ व्याख्या आहे. तिची सुरुवात बहुतेक लोक १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून मोजतात. मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिलला आली. कट्टर मंडळी तिला 'पोनी कार' म्हणतात, पण व्ही-८ मस्टँगला मसल कारच्या यादीतून बाहेर काढायला फारसं कुणी धजावत नाही. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या बनल्या, त्यामुळे तिची दुखणी सगळ्यांना पाठ आहेत.

ओलं कार्पेट

पाऊस पडून गेल्यावर पायाखालचं कार्पेट ओलं लागतं. पहिला संशय हीटरवर जातो. ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते कूलंट, म्हणजे हीटरच गळतोय. साधं पाणी असेल तर मात्र प्रकरण वेगळं आहे.

समोरची काच आणि बॉनेट यांच्यामध्ये पत्र्याला फटी असतात. त्यातून बाहेरची हवा आत येते आणि पाऊसही. खाली दोन पत्र्यांची बंद पोकळी आहे, तिला काऊल म्हणतात. पाणी तिच्या दोन्ही टोकांनी बाहेर पडावं आणि हवा मधल्या भोकांतून केबिनमध्ये यावी, अशी ही रचना. पाणी भोकात शिरू नये म्हणून भोकाभोवती पत्र्याचं उंच कडं असतं. पण फटींतून पालापाचोळा आत जातो, कुजतो, ओल धरून ठेवतो आणि ते कडं गंजतं. मग पाणी थेट तुमच्या बुटांवर!

कडं म्हणजे हातभर पत्रासुद्धा नाही. पण तिथे हात पोचत नाही, कारण काऊलचा वरचा पत्रा बोल्टने लावलेला नसून स्पॉट वेल्डिंगने जोडलेला आहे. नीट दुरुस्ती करायची तर बॉनेट, पुढचे फेंडर, वायपर उतरवा आणि एकेक वेल्ड ड्रिलने काढा. बरेच जण समोरची काचही काढतात. तिचं रबर इतक्या वर्षांत कडक झालेलं असतं, म्हणजे तेही नवीन. खालून काम करायला हीटरचा डबा काढावा लागतो. आता साठ वर्षांचा हीटर कोअर तसाच परत कोण बसवेल? शेवटी नवा पत्रा रंगवायचा, तर शेजारच्या जुन्या रंगाशी तो जुळत नाही.

आणि खरी धास्ती कार्पेटखाली असते. इतकी वर्षं पाणी साचून तळाचा पत्रा सडलेला असू शकतो. जीटीओला खाली वेगळी चासी आहे. मस्टँगला नाही, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून तळ कापण्याआधी गाडीला योग्य जागी आधार द्यावा लागतो, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं नीट लागत नाहीत. कन्व्हर्टिबलमध्ये तर छतही नाही, त्यामुळे हा धोका जास्त.

गरज की मोह?

काम वाढण्याची दोन कारणं असतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

एक म्हणजे गरज. ब्रेक घ्या. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच हायड्रॉलिक सर्किट होतं. एका चाकाचा सिलिंडर जोरात गळला की चारही चाकांचा दाब जाऊ शकतो. एक सिलिंडर बदलायला गेलं तर गंजलेला नट फिरवताना ब्रेकची नळीच पिळवटते. बाकीची रबरंही तितकीच म्हातारी. इथे काम वाढू द्यावं, पैसे वाचवू नयेत. १९६७ पासून मस्टँगला दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर आला, त्यामुळे जुन्या गाडीलाही तसा बसवून घेणं शहाणपणाचं.

दुसरा मोह. "आता उघडलंच आहे तर..." या वाक्यापासून तो सुरू होतो. सहा सिलिंडरचं इंजिन थकलंय, मग ४.७ लिटरचं व्ही-८ का नको? वरवर इंजिनाची अदलाबदल. पण सहा सिलिंडरच्या मस्टँगच्या चाकाला चार बोल्ट, व्ही-८ ला पाच. ब्रेक, मागचा ॲक्सल, पुढच्या स्प्रिंगा, रेडिएटर, सगळंच वेगळं. चालू गाडी महिनोन्‌महिने स्टँडवर उभी राहते ती बहुतेकदा अशा कामापायी, आणि मग 'प्रोजेक्ट' म्हणून सुट्या भागांच्या खोक्यांसकट विकायला निघते.

मग करायचं काय?

काहीही खोलण्याआधी तपासा. फटींवर पाण्याचा पाइप धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बघायला सांगा. कार्पेट उचलून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचून बघा. टोक आत गेलं तर वेल्डिंग टळणार नाही. पत्रा घट्ट असेल आणि नुसतं कडं गेलं असेल, तर केबिनच्या बाजूने नवं कडं चिकटवायचे किट मिळतात. हा कायमचा इलाज नाही, हे खरं. पण गाडी शेडमध्ये राहणार असेल आणि पावसात क्वचितच निघणार असेल, तर तो पुरतो, आणि रविवारी चक्कर मारायला गाडी हाताशी राहते.