हरवलेलं दशांशचिन्ह

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही 'जीटी' मारायचो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली टेबललॅम्प लावायचा, काचेवर वर्गातल्या हुशार मुलाची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. तासाभरात काम फत्ते. एकदा त्या हुशार मुलानंच एक तुटक रेष भलत्या जागी काढली. सबमिशनच्या दिवशी अकरा शीटांवर ती रेष तिथंच होती. व्हायव्हात सरांनी एवढंच विचारलं, "ही रेष इथे का?" चूक तिथल्या तिथे सापडली ती फक्त त्या हुशार मुलाला. बाकीचे दहा जण खाली बघत उभे होतो.

३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं आणि काचेची गरज संपली. आता असाइनमेंट, लॅब रिपोर्ट, कोड, सगळं मोबाइलवर मिळतं. 'पोरं कॉपी करतात' एवढीच तक्रार असेल तर ती जुनीच आहे. खरा प्रश्न कळायला थोडं मागं जावं लागतं.

१६१४मध्ये जॉन नेपिअरनं लॉगरिदम जगापुढे मांडलं. बारावीच्या परीक्षेत आपण चाळलेलं लॉग टेबल त्याचंच वंशज. पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमधल्या विल्यम ऑट्रेडनं लॉगच्या खुणा केलेल्या पट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार करायची युक्ती काढली. हीच स्लाइड रूल. पुढची साडेतीनशे वर्षं ती टिकली आणि इंजिनीअरची ओळखच होऊन बसली.

या पट्टीत एक खोट होती. ती आकडे दाखवायची, पण दशांशचिन्ह दाखवायची नाही. उत्तर २ आहे, २० आहे की २००, हे वापरणाऱ्यानं स्वतः ठरवायचं. त्यामुळे पट्टी सरकवण्याआधी 'साधारण किती यायला हवं?' याचा अंदाज डोक्यात तयार ठेवावा लागे. हा अंदाज पट्टीच्या उणिवेनंच शिकवला.

१९७२मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला. किंमत ३९५ डॉलर. तो परीक्षेत चालू द्यावा का, यावर वाद झाले. पण किमती भराभर उतरल्या आणि काही वर्षांतच स्लाइड रूल अडगळीत गेली. आता दशांशचिन्हही यंत्रच देऊ लागलं. वेळ वाचला, चुका घटल्या, हे खरंच. पण अंदाज बांधायची सक्ती गेली.

त्याची किंमत काय असू शकते? अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात एक मोठं क्रीडागृह होतं. त्याच्या पोलादी सांगाड्याच्या छताचं गणित कॉम्प्युटरवर केलेलं होतं. बांधकाम चालू असताना छत कॉम्प्युटरनं सांगितलं त्याच्या जवळपास दुप्पट वाकलेलं मोजलं गेलं. शंका काढल्या गेल्या. पण गणितावर भरवसा ठेवून काम पुढे गेलं. १८ जानेवारी १९७८च्या पहाटे बर्फाच्या भारानं ते छत कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे सुमारे पाच हजार लोक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. सुदैवानं पहाटे आत कुणी नव्हतं.

कॉम्प्युटरनं बेरीज चुकवली नव्हती. दाबाखालचे दांडे मधोमध घट्ट धरलेले आहेत असं त्याला सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते तसे धरलेले नव्हते. छताचं स्वतःचं वजनही कमी धरलं होतं. चूक गृहीतकांत होती, आणि वाकलेलं छत ते सांगत होतं. पुढे हेन्री पेट्रोस्की या इंजिनीअर-लेखकानं १९८५च्या 'टू इंजिनीअर इज ह्यूमन' या पुस्तकात स्लाइड रूलबरोबर काय हरवलं, याबद्दल लिहिलं.

एआयचा फरक इथे आहे. कॅल्क्युलेटरला सूत्र आपण द्यायचो. एआय सूत्रही निवडतं, गृहीतकंही धरतं आणि चुकलं तरी तितक्याच ठाम, नीटनेटक्या भाषेत सांगतं. म्हणजे हार्टफर्डमध्ये जिथे चूक झाली, नेमका तोच भाग आपण यंत्राच्या हवाली करतोय.

एक साधं उदाहरण. चार मीटरचा बीम, मधोमध १० किलोन्यूटनचा भार. दोन्ही टोकं नुसती टेकलेली असतील तर कमाल बेंडिंग मोमेंट १० किलोन्यूटन-मीटर. टोकं पक्की जखडलेली असतील तर ५. दोन्ही गणितं बरोबर, उत्तरं मात्र एकमेकांच्या दुप्पट. टोकं खरोखर कशी आहेत, हे साइटवर जाऊन बघणाऱ्यालाच कळणार.

म्हणून बंदी हा उपाय नाही. ती कॅल्क्युलेटरवरही टिकली नाही. पण एआयला विचारण्याआधी आपला अंदाज वहीत लिहिता येईल. त्याच्या उत्तरातली गृहीतकं लाल पेनानं अधोरेखित करता येतील. आणि शिक्षकांनी टाइप केलेल्या पंचवीस पानांना मार्क देण्याऐवजी पाच मिनिटांची व्हायव्हा मनापासून घ्यावी. 'टोकं जखडलेली आहेत हे कुणी सांगितलं?' हा एक प्रश्न पुरेसा आहे. उत्तर येत नसेल, तर ते आज कॉलेजात कळलेलं बरं. छताखाली लोक बसलेले असताना कळण्यापेक्षा.